टॅक्स कापला म्हणजे पैसे गेले नाहीत : मिस्त्री आणि छोट्या ठेकेदारांनी टीडीएसचा रिफंड कसा मिळवायचा



माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर गवंडी, प्लंबर, सेंट्रिंगवाले यांची ये-जा असते. मागच्या महिन्यात आमचं एक जुनं गिऱ्हाईक, टाइल्सचे मिस्त्री, ग्राउट घ्यायला आले. चेहरा पडलेला. सामान न्यायला छोटा टेम्पो घ्यायचा होता, पण बँकेने इन्कम टॅक्स रिटर्न मागितले आणि यांनी एकदाही भरलेलं नाही. म्हणाले, "दादा, प्रत्येक बिलातून टॅक्स कापतातच की. मग परत रिटर्न कशाला?"

इथेच गफलत होते. म्हणून आज हा विषय.

टीडीएस म्हणजे नक्की काय?

बिल्डर किंवा कंपनी ठेक्याच्या कामाचं बिल देताना टीडीएस कापते. काम घेणारी एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का. एक बिल ३०,००० रुपयांच्या वर गेलं, किंवा वर्षभरात त्या पार्टीकडून मिळणारे पैसे १ लाखाच्या वर गेले, की हा नियम लागतो. आणि तुम्ही पॅन नंबर दिलाच नाही, तर १ नाही, थेट २० टक्के कापतात.

आता नीट लक्ष द्या. टीडीएस कापला जातो पूर्ण बिलावर. पण खरा टॅक्स लागतो तुमच्या नफ्यावर. बिलात हेल्परची मजुरी असते, ब्लेड असतात, पेट्रोल असतं. ते वजा करून हातात जे उरतं, ते तुमचं उत्पन्न. म्हणजे टीडीएस ही तुमच्या नावावर सरकारकडे आधीच जमा झालेली रक्कम आहे. टॅक्स त्यापेक्षा कमी निघाला, तर फरक परत मिळतो. पण रिटर्न भरल्याशिवाय तो आपोआप येत नाही.

मिस्त्रींचा हिशोब

आम्ही दुकानातच वही काढली. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा हिशोब असा निघाला :

- मोठ्या बिल्डरकडून ८,४०,००० रुपये, त्यावर १ टक्का टीडीएस ८,४०० रुपये.
- दुसऱ्या एका पार्टीकडून ६०,००० रुपये. पॅन दिला नव्हता, म्हणून २० टक्के, म्हणजे १२,००० रुपये कापले.
- घरमालकांची छोटी कामं, यूपीआयवर १,१०,००० रुपये. यावर टीडीएस नाही, पण उत्पन्नात हे पैसेही धरायचेच.

एकूण जमा १०,१०,००० रुपये. सगळा खर्च जाऊन हातात उरले ३,६०,००० रुपये. त्या वर्षी नव्या कर प्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे टॅक्स शून्य होता. म्हणजे टॅक्स शून्य आणि सरकारकडे जमा २०,४०० रुपये! आणि बघा, सगळ्यात छोट्या कामातच सगळ्यात जास्त रक्कम अडकली होती.

रिफंडसाठी काय करायचं?

१. पॅन आणि आधार लिंक आहे का ते आधी बघा. लिंक नसल्याने पॅन निष्क्रिय झाला असेल तर रिफंड थांबतो, आणि टीडीएसही २० टक्क्यांनी कापला जातो.

२. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस आणि एआयएस उघडा. तुमच्या नावावर कोणी किती टीडीएस भरला, ते तिथे दिसतं. प्रत्येक पार्टीकडून फॉर्म १६ए मागून घ्या आणि दोन्ही जुळवा.

३. कापलेली रक्कम २६एएसमध्ये दिसत नसेल तर त्या पार्टीच्या अकाउंटंटला भेटा. मिस्त्रींचे १२,००० तिथे नव्हतेच, कारण पॅनशिवाय ते त्यांच्या नावावर चढलेच नव्हते. पॅन देऊन टीडीएसचं दुरुस्ती विवरणपत्र भरायला सांगा. हे काम आधी, रिटर्न नंतर.

४. छोट्या ठेकेदाराला कलम ४४एडी खाली साधा आयटीआर-४ भरता येतो. त्यासाठी मोठी हिशोबाची पुस्तकं लागत नाहीत. बँकेतून आलेल्या पैशांवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा दाखवावा लागतो.

५. पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट करा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. हे राहिलं तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत.

६ टक्के म्हणून ६ टक्केच दाखवायचे का?

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. ६ टक्के ही कमीत कमी मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर खराच दाखवा. मिस्त्रींनी ६०,६०० रुपये दाखवले असते तरी टॅक्स शून्य, ३,६०,००० दाखवले तरी टॅक्स शून्य. मग कमी दाखवून मिळालं काय? उलट महिन्याला पाच हजार कमावणाऱ्याला बँक टेम्पोसाठी कर्ज कशी देईल? रिटर्न हा तुमच्या धंद्याचा दाखला आहे. तो स्वतःच्या हाताने छोटा करू नका.

तारीख चुकवू नका

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती. ती हुकली तरी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं. उत्पन्न ३ ते ५ लाखांच्या मध्ये असेल तर १,००० रुपये लेट फी होती, ५ लाखांच्या वर ५,०००. म्हणजे मिस्त्रींना २०,४०० ऐवजी १९,४०० मिळतील. एक हजाराचा धडा!

३१ डिसेंबरनंतर अपडेटेड रिटर्न भरू, असं म्हणून थांबू नका. त्यात रिफंड मागता येत नाही. मग उशीर माफ करा असा अर्ज आयकर आयुक्तांकडे करावा लागतो. त्याला संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांची मर्यादा आहे आणि उशिराचं योग्य कारण द्यावं लागतं. जुन्या वर्षांचे पैसे अडकले असतील तर हाच रस्ता, पण सीएची मदत घ्या.

आणि एक सावधगिरी. "जास्त रिफंड काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खोटा खर्च, खोट्या वजावटी ते दाखवतात, नोटीस मात्र तुमच्या नावाने येते.

मिस्त्रींचा टेम्पो अजून आलेला नाही. पण दुसऱ्या पार्टीने दुरुस्ती करून दिली, पहिलं रिटर्न भरून झालं, आणि आता प्रत्येक नव्या कामाला पहिल्याच दिवशी ते बिलाबरोबर पॅनची झेरॉक्स देतात.

तुम्हीही आज एवढं एकच करा : २६एएस उघडा आणि तुमच्या नावावर किती जमा आहे ते बघा. घामाचे पैसे आहेत, मागायला लाजू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.