वळवाचा पाठलाग

वळवाचे चित्र घ्यावयाचे तर इगतपुरीत उभे राहून भागत नाही. डोंगर आभाळ झाकतात. घोटी मागे टाकून सिन्नरकडच्या उघड्या माळावर गेले म्हणजे ढग बुडापासून माथ्यापर्यंत दिसतो. वैशाखातल्या उन्हाने जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपार कलताना दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला की ढग पिकला असे समजावे. आत बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून विद्युत्‌भार वेगळे होतात, त्यातून वीज. पावसाआधी धुळीचा लोट येतो. ढगातून कोसळलेली थंड हवाच ती, पुढे पळत आलेली.

अमेरिकेच्या मैदानांत हा छंद जुना आहे. डेव्हिड होडली यांनी १९५६ साली वादळांचा पाठलाग सुरू केला. तिकडचा टोर्नेडो म्हणजे जमिनीला टेकलेला वाऱ्याचा भोवरा. आपल्या वळवाहून कितीतरी भयंकर. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनो येथे टिम सॅमरस, त्यांचे पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग असल्याच एका भोवऱ्यात सापडून गेले. सॅमरस नवखे नव्हते. वादळाच्या वाटेत यंत्रे ठेवून मोजमाप घेणारे अभ्यासक होते. पण भोवरा चार किलोमीटरहून रुंद झाला आणि अचानक वळला.

आपल्याकडे भय विजेचे. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे. तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कॅमेरा आवरून टपाच्या मोटारीत बसावे, काचा वर कराव्यात. झाडाखाली तर मुळीच थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळच्या विजांची सूचना देते, तेही मोबाइलवर असावे.

छायाचित्रकाराला निघून जाता येते. हातात पहार घेऊन माळावर खड्डे खणणाऱ्याला मुकादमाने सोडल्याशिवाय जाता येत नाही. मागे एका ठेकेदाराने आसऱ्याला गेलेल्या मजुरांचा हाच अर्धा तास मजुरीतून कापला. आम्ही भांडलो. तो म्हणाला, “पाऊस तर पडलाच नाही!” शेवटी ढगाचे चित्रच कामी आले. मजुरांतल्याच एका पोराने आडोशातून मोबाइलवर ते टिपले होते, वेळेसकट. माळावर कोरडी जमीन आणि वर लखलखती वीज. पैसे मिळाले.