मेंढ्यांवाचून मेंढपाळ

आपल्याकडील धनगराचा कुत्रा रात्रभर मेंढ्यांभोवती जागतो आणि लांडग्याची चाहूल लागताच भुंकून रान उठवतो. त्याचे काम राखणीचे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ कुरणांत तयार झालेल्या ‘बॉर्डर कॉली’ या जातीचे काम निराळे. हा कुत्रा कळपाला दुरून वळसा घालतो, दबकत पुढे सरकतो आणि नजर रोखून मेंढ्या हलवतो. तेही न भुंकता. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेलफर यांच्याकडे जन्मलेला हेम्प हा आजच्या या जातीचा आद्य पुरुष मानला जातो. शांतपणे, केवळ नजरेच्या धाकाने काम करण्याबद्दल त्याची ख्याती होती.

अशा अबोल पूर्वजाचा तरुण वंशज शहरातील घरात दिवसभर कुईकुई करू लागला, म्हणजे घरची माणसे हैराण होतात. शेजारी तक्रार करतात आणि शेवटी ‘हा कुत्रा देऊन टाकावा’ इथवर गोष्ट येते. तसा निर्णय घेण्यापूर्वी ही कुईकुई काय सांगते, हे समजून घेणे न्यायाचे होईल.

पहिली शंका दुखण्याची. कान, दात, पोट किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा कण्हतो. म्हणून आवाज अचानक सुरू झाला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. दुसरी शंका भयाची. एकटे राहताच जो कासावीस होतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे हा उपाय नव्हे. क्षणाक्षणाने वाढवीत त्याला एकटेपणाची सवय लावावी लागते. या दोन्ही शंका फिटल्या, की मग उरते ती मागणीची आणि अनावर उत्साहाची कुईकुई.

मागणीची कुईकुई बहुधा आपणच शिकवलेली असते. कुत्रा कण्हतो, आपण चेंडू फेकतो. एवढ्यात धडा पक्का होतो. रागावणे हेही त्याच्या लेखी लक्ष देणेच असते. म्हणून आवाज चालू असता काही देऊ नये आणि तो थांबताच, दोनच क्षण का होईना, शांततेला बक्षीस द्यावे. पुढे ते दोन क्षण पाच होतात, पाचांचे दहा. आरंभी आवाज वाढतो. विझणारा दिवा मोठा होतो, तसेच हे आहे. नेमक्या त्याच वेळी आपण हरलो, तर अधिक मोठ्याने ओरडावे एवढेच तो शिकतो. घरातील एकानेही हा नियम मोडून चालत नाही.

उत्साहाच्या कुईकुईवर लोक एकच औषध जाणतात : पळवणे. व्यायाम हवाच, परंतु तासन्‌तास चेंडूमागे धावणारा कुत्रा थकण्याऐवजी अधिक काटक होतो आणि त्याचे मन तापलेलेच राहते. त्यापेक्षा घरात लपवलेला खाऊ वासाने शोधणे, आज्ञा मिळेपर्यंत थांबणे, नवी आज्ञा शिकणे अशी बुद्धीची कामे थोडा थोडा वेळ द्यावीत. त्याहून महत्त्वाची विश्रांती. तरुण कुत्र्याने दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ झोपेत घालवणे स्वाभाविक आहे. पण ही जात आपण होऊन निजेलच असे नाही. दमलेले मूल किरकिरते, तसा दमलेला कुत्राही कुईकुई करतो. त्याच्यासाठी एक सतरंजी ठरवावी, तिच्यावर स्वस्थ पडला की हळूच खाऊ ठेवावा आणि ठरावीक वेळी निवांत कोपऱ्यात त्याला झोपू द्यावे.

मेंढपाळाच्या आज्ञांत ‘दॅट विल डू’ अशी एक आज्ञा आहे. ‘पुरे, काम झाले’ असा तिचा अर्थ. ती ऐकताच कुत्रा मेंढ्या सोडून धन्याकडे परततो. शहरातील त्याच्या वंशजाला वळायला मेंढ्या नाहीत, आणि काम संपल्याचे सांगणारे कोणीही नाही. मुले, सायकली, दारावरची घंटा या सर्वांवर तो दिवसभर पहारा करीत राहतो. प्रत्येक खेळाचा शेवट आपण एकाच शब्दाने करावा. ‘पुरे’ म्हणावे, चेंडू उचलून ठेवावा आणि नंतर खरोखरच काही सुरू करू नये.

यास काही आठवडे लागतील. परंतु ज्या प्राण्याला आपण काम करण्यासाठी घडवले, त्याला काम संपल्याचे सांगणे हेही आपलेच कर्तव्य आहे.