नेहमीच्या आवाजांचा असह्य त्रास : ‘मिसोफोनिया’

बशीतील चहाचा फुरका, आमटीचा भुरका, जेवताना होणारी मचमच, पेनाच्या बटणाची टिकटिक हे आवाज बहुतेकांच्या कानांवर पडतात आणि विरून जातात. काही व्यक्तींना मात्र ते ऐकताक्षणी असह्य होतात. छाती धडधडते, अंग ताठते, संताप उसळतो आणि भरल्या पानावरून उठून जावेसे वाटते. या अवस्थेस ‘मिसोफोनिया’ म्हणतात. ‘तिटकारा’ आणि ‘आवाज’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेली ही संज्ञा मार्गारेट व पावेल जास्त्रेबॉफ या संशोधकांनी २००१ मध्ये रूढ केली.

हा कानाचा दोष नव्हे. अशा व्यक्तींची श्रवणचाचणी बहुधा निर्दोष येते. आवाज किती मोठा आहे याला येथे महत्त्व नसून तो कोणता आणि कोणाचा आहे याला आहे. फटाक्यांनी न दचकणारी व्यक्ती शेजारी बसलेल्या भावाच्या चघळण्याने बेचैन होते. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, असे आवाज ऐकताना या व्यक्तींच्या मेंदूतील ‘इन्सुला’ हा भाग अतिरिक्त सक्रिय होतो आणि हृदयाचे ठोकेही वाढतात. म्हणजेच प्रतिक्रिया मुद्दाम दिलेली नसते. ती आपोआप उमटते.

हा त्रास बहुधा बालपणाच्या उत्तरार्धात वा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि त्याची खरी झळ घरातील पंगतीला बसते. मूल ताट घेऊन खोलीत जाऊ लागते. घरचे त्यास ‘नखरे’ वा ‘उद्धटपणा’ म्हणतात. आजोबांना वाटते, नातवाला आपण नकोसे झालो. वास्तविक दोष ना नातवाचा, ना आजोबांचा. ज्यांच्यावर सर्वाधिक माया, त्यांच्याच आवाजाचा राग यावा, ही अपराधी भावना रुग्णाला आतून पोखरत असते.

यावर खात्रीशीर औषध आजमितीस उपलब्ध नाही. तथापि नेदरलँड्समधील २०२१ च्या चाचणीत वर्तनोपचाराने अनेकांचा त्रास कमी झाल्याचे आढळले. घरच्या घरीही काही उपाय करता येतात. जेवताना पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवावे. त्रास वाढल्यास दोन मिनिटे उठून जाण्याची मुभा आधीच ठरवून द्यावी. याविषयी बोलणे ते भांडणाच्या भरात नव्हे, तर शांत वेळी करावे. कानांत सतत बोळे घालणे मात्र टाळावे. त्याने आवाजाची संवेदनशीलता वाढू शकते.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी व त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘हा तुझा हट्ट नाही, त्रास आहे’ एवढे एक वाक्य घरच्यांनी मनापासून उच्चारले, तरी उपचारांचा आरंभ झाला असे समजावे.