लेकीला पेटी घेताना

दिवाळीच्या बोनसमध्ये आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीसाठी पेटी आणली. चकचकीत पॉलिश, नऊ स्टॉप. महिन्याभरात भाता हवा धरेना आणि दोन सूर हात न लावताच वाजू लागले. पोरीचा रियाज थांबला. दुरुस्तीसाठी ताईंनी बैठकीत कर्ज मागितलं, तर "वाद्याला कसलं कर्ज?" असं आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या. खरं तर पेटी घ्यायला त्यांच्यासोबत आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं.

आता आम्ही सोबत जातो. स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारून बघतो. पेटी गप्प राहिली पाहिजे. मग भाता भरून एकच पट्टी दाबतो. सूर लगेच विझला तर हवा गळतेय. स्टॉप मोजू नका, त्यातले काही नुसते शोभेचे असतात. खर्ज आणि नर अशा दोन सुरांची साधी पेटी शिकायला पुरते. स्केल चेंजर जड, आणि दुरुस्तीलाही महाग.

तबल्याचं वेगळं. गाणारी मुलगी काळी चार-पाचमध्ये गाते, तिच्या साथीला त्या सुराशी जुळेल अशा तोंडाचा तबला लागतो. तोंड मोठं तसा सूर खाली. शाईला तडा नको, काठाभोवती सगळीकडे एकच सूर हवा. पावसाळ्यात पुडी उतरते, कधी बदलावी लागते. तो खर्च आधीच धरा.

चाकण-भोसरीकरांना आळंदी जवळ. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. मृदंग शिकणाऱ्या मुलांचं हे गाव, त्यामुळे वाद्यांची दुकानंही आहेत. पखवाज घेणार असाल तर डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावायची असते, हे माहीत असू द्या. डब्यातलं पीठ कमी झालं तर पोराला रागावू नका!

आमच्या मते पहिले सहा महिने भाड्याने मिळालं तर भाड्यानेच घ्यावं. पोरांचं मन बदलतं. फक्त आधी विचारा: सूर लावून कोण देणार? पुडी फाटली तर पैसे कुणाचे? पुढे तेच वाद्य विकत घेतलं तर भाडं वजा होईल का? उत्तरं पावतीवर लिहून घ्या. जुनं वाद्य घेणार असाल तर क्लासच्या सरांना किंवा बाईंना दाखवूनच पैसे द्या.

त्या ताईंना शेवटी गटातून कर्ज दिलं. भाता नवा बसलाय, चार हप्ते फिटलेत.