तीन पेनींचा चहा (अमेरिकेची स्वातंत्र्यकथा : लेखांक ४)

मागच्या लेखांकात आपण १७६३च्या पॅरिस तहापर्यंत आलो होतो. फ्रान्स हरला, कॅनडा ब्रिटनच्या हाती आला आणि अमेरिकेतल्या वसाहतींना आपण ब्रिटिश साम्राज्याचे घटक असल्याचा अभिमान वाटला. पुढच्या बाराच वर्षांत त्याच वसाहतींतले शेतकरी राजा तिसऱ्या जॉर्जच्या सैन्यावर बंदुका रोखून उभे राहिले. करांचे ओझे असह्य झाले म्हणून हे घडले, असे आपण शाळेत शिकतो. हे उत्तर अपुरे आहे. वसाहतींतला माणूस त्या काळी इंग्लंडमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी कर भरत होता. आणि ज्या कायद्यावरून अखेर ठिणगी पडली, त्याने तर चहा स्वस्त होणार होता.

युद्धाने ब्रिटनचा खजिना रिकामा केला होता. साधारण साडेसात कोटी पौंडांचे सरकारी कर्ज १२ कोटींच्या पलीकडे गेले. वसाहतींच्या रक्षणासाठी सैन्य ठेवायचे, तर त्याचा काही खर्च वसाहतींनी उचलावा, ही पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांची भूमिका. तिच्यात गैर काही नव्हते. १७६४मध्ये त्यांनी काकवीवरची जकात गॅलनमागे सहा पेनींवरून तीनवर आणली. पण जुनी जकात कोणी भरतच नव्हते, माल चोरवाटेने उतरत होता. आता दर निम्मा झाला, वसुली मात्र खरोखरीची सुरू झाली. रम गाळणारे न्यू इंग्लंडचे व्यापारी संतापले ते यामुळे.

पुढच्या वर्षी आला स्टॅम्प ॲक्ट. वर्तमानपत्रे, पंचांगे, करारपत्रे, दारूचे परवाने, वकिलांच्या सनदा, इतकेच काय, पत्त्यांचे जोड आणि फासे यांवरही सरकारी मुद्रांक लागणार होता. इंग्लंडात असा कर १६९४पासून होताच. पण इथे तो भरायचा ब्रिटिश चलनात, ज्याचा वसाहतींत कायम तुटवडा. आणि तो चुकवणाऱ्यावरचा खटला ज्यूरी नसलेल्या सागरी न्यायालयातही चालवता येणार होता. शिवाय कर पडला कोणावर? छापखानेवाले, वकील आणि गुत्तेवाले यांच्यावर. म्हणजे जे लिहितात, जे बोलतात आणि ज्यांच्याकडे लोक जमून बोलतात, नेमक्या त्यांच्यावर! यापेक्षा वाईट निवड ग्रेनव्हिलना करता आली नसती.

१४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला. बारा दिवसांनी जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचे घर फोडून लुटले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एकमेकींशी सीमेवरून भांडणाऱ्या या वसाहती एका करामुळे एका टेबलाशी बसल्या, हे माझ्या मते त्या वर्षाचे सर्वांत मोठे फलित. त्यांचे म्हणणे साधे होते : ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्या खिशात हात घालण्याचा हक्क नाही. लंडनचे उत्तर असे, की मँचेस्टर-बर्मिंगहॅमचाही स्वतंत्र खासदार नाही, तरी ती शहरे कर भरतात. या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही. ते मँचेस्टरवरच्या अन्यायाची कबुली तेवढी देत होते.

मार्च १७६६मध्ये कायदा मागे घेतला गेला. पण त्याच वेळी वसाहतींवर कोणताही कायदा करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने जाहीर केला. १७६७मध्ये चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला, बायकांनी घरोघरी चरखे धरले. बोस्टनमध्ये सैन्य आले आणि ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. त्याच वर्षी बाकीच्या जकाती रद्द झाल्या. चहावरची पौंडामागे तीन पेनी तेवढी राखली, हक्क सोडलेला नाही हे दाखवण्यापुरती.

या तीन पेनींना जोड मिळाली ईस्ट इंडिया कंपनीच्या दिवाळखोरीची. बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, कंपनी कर्जात बुडाली आणि तिच्या लंडनच्या गोदामांत चीनचा चहा पडून राहिला. १७७३च्या चहा कायद्याने तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा कंपनीला दिली. चोरट्या डच चहापेक्षाही तो स्वस्त पडणार होता. पण तो विकत घेणे म्हणजे तीन पेनींचा हक्क मान्य करणे. बंगालमध्ये माणसे उपाशी मारणाऱ्या कंपनीची नजर आता आपल्यावर आहे, असा इशारा फिलाडेल्फियातल्या एका पत्रकाने दिला. त्याच वर्षी त्याच पार्लमेंटने कंपनीला कर्ज दिले आणि रेग्युलेटिंग ॲक्ट करून मुंबईच्या इंग्रजांना कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणले. मुंबईने राघोबादादांशी परस्पर केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नाकारला तो या अधिकाराने, आणि त्यातून १७७६चा पुरंदरचा तह झाला. कंपनीला सावरणाऱ्या दोन कायद्यांपैकी एकाचा परिणाम बोस्टनच्या बंदरात दिसला, तर दुसऱ्याचा पुण्याच्या दरबारात.

१६ डिसेंबर १७७३च्या रात्री मोहॉक आदिवासींचा वेश केलेल्या बोस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात लोटला. शिक्षा म्हणून पार्लमेंटने बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सचा कारभार आवळला. इतर वसाहतींनी धान्य पाठवले. सप्टेंबर १७७४मध्ये बारा वसाहतींची काँग्रेस फिलाडेल्फियात भरली. एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली.

१७७८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला, की यापुढे महसुलासाठी अमेरिकी वसाहतींवर कर लादणार नाही. वसाहतींनी १७६५मध्ये मागितले होते, ते अखेर मान्य झाले. पण तोवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन वर्षे होत आली होती आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उभा ठाकला होता. तहाची बोलणी करायला आलेल्या ब्रिटिश आयुक्तांना भेटण्यासही काँग्रेसने नकार दिला.