चालता चालता दिडकी

आमचे आप्पा पाचोऱ्यातल्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. घरापासून जिनिंग दीडेक किलोमीटर, आणि ही वाट त्यांनी जन्मभर पायीच तुडवली. दिवसाचा निम्मा हिशेब त्या वाटेवरच उरकायचा. लहानपणी त्यांचं बोट धरून मी सोबत जायचो, तेव्हा पावलागणिक पाढा चाले. एक दिडके दीड, बे दिडके तीन. दिडकी झाली की अडीचकी, मग औटकी. औटकीला माझी गाडी अडायची आणि ते चालता चालताच पुढचं सांगून टाकायचे, "सात औटके साडेचोवीस." मधेच कुणाला रामराम, कापसाच्या ट्रकला वाट, धोतराचा सोगा सावरणं, सगळं एका लयीत. पावलाचा वेग कधी बदलला नाही.

२०१२ च्या हिवाळ्यात याच माणसानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक गुणाकार केला. त्यानंतरच्या वर्षांचा हा मागोवा आहे.

तेव्हा आप्पा सत्तरीला आले होते. निवृत्त झाले तरी हंगामात जिनिंगवर चक्कर असायचीच. मी सुट्टीवर आलो होतो, बरोबर निघालो. वाटेत ओळखीच्या एका शेतकऱ्यानं हाक मारली, "कोठे चालनात आप्पा?" आणि लगेच विचारलं, चौदा क्विंटल चार हजार पन्नासनं गेला तर पट्टी किती व्हावी? आप्पा थांबले. दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे. डावा हात अंगाला चिकटलेला, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. पाच-सहा सेकंद गेले. "छप्पन्न हजार सातशे." उत्तर बिनचूक होतं. शेतकरी खूश, मी खूश. या वयातही डोकं किती तल्लख, असं मी घरी येऊन कौतुकानं आईला सांगितलं. आई म्हणाली, "हल्ली काही विचारलं की उभेच राहतात." ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्याच्या पंधरा वर्षं आधीच त्या थांबण्याचा अर्थ छापून आला होता, हे मला फार नंतर कळलं. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनमधल्या लिलेमोर लुंदिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छोटासा लेख आला. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर ते चालले आणि चालता चालता सहज बोलले. त्यातले १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही, फक्त सोबत चालायचं आणि एक प्रश्न विचारायचा. वैद्यकशास्त्रातली इतकी स्वस्त आणि इतकी माणुसकीची तपासणी मला दुसरी माहीत नाही.

खरं तर हे सूत्र त्याहूनही जुनं. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सननं कंपवातावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रुग्णांच्या आधारावर, आणि त्यातले काही तर त्यानं रस्त्यातच पाहिलेले होते. या लोकांना चालणं बरंच लक्ष दिल्याशिवाय जमत नाही, अशा अर्थाची नोंद त्यानं तेव्हाच करून ठेवली. पुढे सगळ्यांचं ध्यान हाताच्या कंपावर गेलं. मराठीत तर आजाराचं नावच कंपवात. हात थरथरत नाही म्हणजे आजार नाही, असा समज घरोघरी बसला आणि आमच्या घरातही होता. आप्पांचा हात तेव्हा थरथरत नव्हताच. डावा हात चालताना झुलायचा बंद झाला होता, एवढंच. ही सुरुवातीची खूण असू शकते, हे गावात एकानंही सांगितलं नाही. एका डॉक्टरांना दाखवलं तेव्हा "वय झालं, चालायचंच" एवढ्यावर भागलं.

चालणं आपल्याला फुकटात मिळालेलं असतं. मूल वर्षाचं होताना एकेक पाऊल विचार करून टाकतं, मग ती विद्या मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, मुरते आणि वरचा मेंदू मोकळा होतो. दिवाणजी म्हणूनच हिशेब करत चालू शकतो, बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन शेजारणीशी बोलत येऊ शकते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी झडत जातात, आणि मुरलेल्या सवयी चालवणारा भाग त्यात लवकर सापडतो. मग चालण्याचं काम पुन्हा वरच्या मेंदूकडे येतं. माणूस सत्तराव्या वर्षी परत मोजून मापून पाऊल टाकू लागतो, फक्त बाहेरून ते दिसत नाही. अशा वेळी विचारलेला गुणाकार हा चालण्याच्याच शिदोरीतून घास काढतो. आप्पा थांबले, कारण दोन्हींना पुरेल एवढं लक्ष उरलं नव्हतं. थांबले हे त्यांचं शहाणपण होतं.

कारण न थांबणाऱ्यांचं काय होतं तेही पुढे आम्ही पाहिलं. नेदरलँड्सच्या बास्तियान ब्लूम यांच्या गटानं दाखवलं की धडधाकट वृद्ध माणूस कामं वाढली की आधी तोल सांभाळतो आणि उत्तर लांबवतो. पार्किन्सन्सच्या रुग्णाची ही निवड बिघडते. तो सगळंच एकदम करायला जातो. २०१४ च्या उन्हाळ्यात आप्पा भाजीची पिशवी घेऊन स्टेशनकडून येत होते. खिशातला मोबाइल वाजला. पिशवी हातात, फोन कानाला, पाय चालतेच. तिघांपैकी पाय हरले. मनगट मोडलं. फोन माझाच होता. "पोचलात का घरी?" एवढंच विचारायचं होतं मला.

प्लास्टर निघालं आणि आम्ही जळगावला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आप्पांना खोलीभर चालवलं, मग चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. आकडे बरोबर येत होते आणि पावलं मात्र आखूड होत होत पार घसटू लागली. मी खुर्चीत बसून ते पाहिलं. औटकी पाठ असलेल्या माणसाला वजाबाकी इतकी महाग पडताना पाहणं फार कठीण होतं. लेव्होडोपाची गोळी सुरू झाली, महिन्याभरात चेहऱ्यावर हालचाल परतली, कुशीवर वळता येऊ लागलं. चालणंही सुधारलं. चालता-बोलताची ओढाताण मात्र गोळीनं म्हणावी तशी सुटली नाही.

त्या काळात सल्ला एकच मिळे: एका वेळी एकच काम. आम्ही तो कसोशीनं पाळला. रस्त्यानं जाताना आम्ही सगळे गप्प. आईनं तर ओळखीपाळखीच्यांना सांगून ठेवलं, आप्पा चालत असले की हाक मारू नका. पडणं थांबलं खरं. पण पाचोऱ्यासारख्या गावात पायी जाणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी हाक मारू नये, ही केवढी शिक्षा! सहा महिन्यांत आप्पा जिनिंगकडे जायचे बंद झाले.

घरात दुसरंच कोडं होतं. आमचं घर जुनं, धाब्याचं. मधल्या दाराला वीतभर उंच उंबरा आहे. तो आप्पा सहज ओलांडायचे. नव्या न्हाणीघराचं दार मात्र गुळगुळीत, फरशी सपाट, सगळी सोय त्यांच्यासाठी केलेली, आणि तिथेच पाय चिकटायचे. उंबरा दिसला की पाय उचलायचा हे डोळेच सांगत, म्हणून तिथं अडत नसे. जमिनीवरच्या आडव्या पट्ट्यांनी असे अडलेले पाय सुटतात, हे १९६० च्या दशकापासून नोंदलेलं आहे. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुण डिझायनरनं याच धाग्यावर काम केलं. तिच्या काकांना सपाट जागी चालता येत नसे आणि जिना मात्र ते झरझर चढत-उतरत. तिनं जमिनीवर जिन्याचा भास होणारं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. २०१५ मधलं तिचं भाषण भाच्यानं मला मोबाइलवर दाखवलं. आईनं ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरासमोर पांढऱ्या रंगानं चार आडव्या रेघा ओढल्या. पावला-पावलाच्या अंतरावर. त्या रेघा अजून आहेत, दर दिवाळीला आई त्या नव्यानं ओढते.

गप्प राहण्याचा सल्ला बदलायला २०१७ उजाडलं. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये १२१ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींनी चालणं आणि विचार करणं वेगवेगळं सरावलं, काहींनी एकत्र. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गट सुधारले, आणि एकत्र सरावामुळे पडण्याचं प्रमाण वाढलं नाही. भीती होती ती एवढ्याचीच. त्याआधी २०११ मध्ये जिनिव्हात वृद्धांना पियानोच्या तालावर चालवून, मधे मधे ताल बदलून, त्यांचं पडणं कमी झाल्याचं दिसलं होतं. पुण्यात हृषीकेश पवार २०१० च्या सुमारापासून पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवत आले आहेत, आणि तिथलंच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व घरच्यांना एकत्र आणत आलं आहे. पाचोऱ्यात यातलं काहीच नाही. तालुक्याच्या गावातल्या रुग्णापर्यंत फिजिओथेरपी पोचते ती गुडघ्यासाठी, मेंदूसाठी पोचत नाही. ही उणीव मला आजही खुपते.

मग आम्ही जवळ होतं तेच घेतलं. आपल्या मुलखात ताल धरून चालणं नवं का आहे? मुक्ताईची पालखी आमच्याच जळगाव जिल्ह्यातून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. टाळ, पाऊल आणि मुखात अभंग, तिन्ही एकाच वेळी. असोद्याच्या बहिणाबाईंनी हात कामात असतानाच ओव्या रचल्या. फिजिओथेरपिस्टांना विचारून आम्ही अंगणात सुरुवात केली. गोळी लागू झाल्यावर, सकाळी, वीस मिनिटं. मी नाहीतर भाऊ हाताच्या अंतरावर. आधी नुसतं टाळीवर चालायचं. आठवड्यानं टाळीबरोबर बेचा पाढा. महिन्यानं दिडकी. पाऊल आखूड झालं की पाढा बंद, पाय आधी. वळताना एक शब्द नाही.

पुढे हे अंगणातून बाहेर गेलं. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीच्या, आपल्या पीजेच्या, रुळाकडेची पायवाट आप्पांनी निवडली. वरखेडीकडे जाणारी गाडी दिसली की थांबायचं, ती गेली की निघायचं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, पीजे थांबली ती थांबलीच, आणि आप्पा पुन्हा अंगणात आले. त्या वर्षात आजार पुढे सरकला. आता ते ब्याऐंशीचे आहेत, काठी आहे, दुपारी गोळी उतरते तेव्हा खुर्ची सोडत नाहीत. औटकी चालताना जमत नाही, बसून जमते. दिडकी मात्र सकाळच्या फेरीत अजून दहापर्यंत जाते.

एक सांगायला हवं. बोलताना थांबणारा प्रत्येक म्हातारा पार्किन्सन्सचा नसतो. ऐकू कमी येतं, गुडघे दुखतात, नजर अधू असते. कॅनडातल्या एका अभ्यासात स्मरणशक्ती किंचित उणावलेल्या ज्या वृद्धांची चाल उलटे आकडे मोजताना फार मंदावली, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. कारण कोणतंही असो, खूण बघण्याजोगी आहे.

म्हणून एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर एकदा सपाट, मोकळ्या जागी पन्नास पावलं चाला, हाताशी राहा, आणि साधं काही विचारा. ते थांबले, पाय घासू लागले किंवा एक हात झुलत नसला तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. रस्ता ओलांडताना मात्र काही विचारू नका, आणि ते बाहेर असतील तेव्हा फोन करू नका. आमच्या घरी त्या गुणाकाराची तारीख कुणीच लिहिली नव्हती, आणि जळगावला पोचायला आम्हाला दीड वर्ष लागलं.