मागे तीन टन, पुढे हजार किलोमीटर

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला एल्कहार्ट नावाचं शहर आहे. अमेरिकेतल्या रस्त्यांवर दिसणारी बहुतांश फिरती घरं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, या शहरात आणि आसपासच्या गावांत तयार होतात. तयार झालेला ट्रेलर टेक्सासच्या किंवा ऑरेगनच्या विक्रेत्याकडे पोचवायचा असेल तर एखादा चालक तो स्वतःच्या पिकअपला टोचन करतो आणि दीड ते साडेतीन हजार किलोमीटर ओढत नेतो. परतीला पिकअप रिकामी, आणि घरी टेकतो न टेकतो तोच पुढची खेप. उन्हाळ्यात याच महामार्गांवर कुटुंबंही निघतात. मुलं मागच्या सीटवर, कुत्रा त्यांच्या मधे, आणि पाठीमागे सात-आठ मीटर लांबीचं घर.

दिवसभर असं घर ओढल्यावर खांदे भरून येतात, मान आखडते, कंबर धरते. मग बाजारातून जेलची उशी येते, सीटवरचं मण्यांचं आवरण येतं, कमरेला आधार देणारी गादी येते. या वस्तू निरुपयोगी नाहीत. पण त्यांच्यावर पैसे घालण्याआधी पिकअप आणि ट्रेलर जिथे एकमेकांना जोडले आहेत तिथे वाकून पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन. चालकाच्या दुखण्याचा मोठा भाग तिथून सुरू होतो.

बहुतेक पिकअपना मागे कमानपाटे असतात. ते ओझ्यासाठी बनवलेले. गाडी रिकामी असली की ते जवळजवळ वाकतच नाहीत आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कमरेत येतो. ओझं आलं की पाटे कामाला लागतात, मागचा भाग मऊ होतो. म्हणजे ट्रेलर लावल्यावर प्रवास सुखाचा व्हायला हवा. तसा तो होत नाही, कारण ओझं चाकांच्या बरोबर वर येत नाही. जोडणीचा गोळा मागच्या ॲक्सलच्याही मागे, सव्वा-दीड मीटरवर असतो.

भरलेला ट्रेलर तीन टनांचा धरू. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीवर यावा असा नियम आहे, म्हणजे तीनशे ते साडेचारशे किलो. समजा चारशे किलो आले. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे पावणेचार मीटर अंतर असतं. तरफेचं गणित मांडलं तर मागच्या चाकांवर चारशेऐवजी साधारण साडेपाचशे किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरून जवळजवळ दीडशे किलो उचलले जातात. नेमकी दिशा देणारी चाकं हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटू लागतं, गाडी सरळ धावत नाही, आणि चालक नकळत मिनिटामागून मिनिट बारीक-बारीक दुरुस्त्या करत राहतो. संध्याकाळी दुखतात ते त्याच दुरुस्त्या करणारे स्नायू.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: वजन वाटून देणारी हिच, म्हणजे जोडणी. तिच्यात दोन मजबूत पोलादी दांडे असतात. ते ट्रेलरच्या चौकटीला ताणून बसवले की मागच्या ॲक्सलवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर सरकतो. बरेच जण त्याऐवजी मागच्या पाट्यांजवळ हवेचे फुगे बसवतात. फुग्यांनी बसलेलं शेपूट वर येतं, गाडी सपाट दिसते, आणि काम झालं असं वाटतं. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन त्यांनी परत येत नाही. गाडी दिसायला सरळ झाली तरी स्टिअरिंग हलकंच राहतं. पिकअपच्या हौद्यातलं ओझं पेलायला फुगे उत्तम आहेत. जोडणीचा दोष त्यांनी झाकला जातो, एवढंच.

दांडे किती ताणायचे हे अंदाजाने ठरवू नये. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात, त्यांत ‘कॅट स्केल’चे सर्वाधिक. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. एकदा दांडे लावून, एकदा सोडून आणि एकदा नुसती पिकअप उभी करून वजन केलं की पुढच्या चाकांवरून किती गेलं आणि किती परत आलं हे आकड्यांत दिसतं. सहलीच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य आहे आणि त्यातून मिळणारी माहिती कुठल्याही उशीपेक्षा मोलाची.

जोडणीवर वजन कमी पडलं तर प्रश्न आरामापुरता उरत नाही. सायकली, पाण्याची टाकी, जड पेट्या असं सगळं ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं की पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीमागे ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना ही वळवळ ठाऊक असते. तिथे वेग कमी असतो. इथे तो ताशी शंभर किलोमीटर असतो, आणि वेगाबरोबर डुलणं वाढत जातं. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबू नये, वेग वाढवून ट्रेलर सरळ करायलाही जाऊ नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग स्थिर धरावं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावावेत. निघण्याआधी सामानाचा सुमारे साठ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या निम्म्या भागात ठेवला, तर ही वेळ सहसा येत नाही. आणि ट्रेलर डुलणार नाही हा भरवसा असला की चालकाची पकड आपोआप सैल होते.

आता रस्त्याकडे येऊ. अमेरिकेतल्या अनेक आंतरराज्य महामार्गांवर काँक्रीटच्या फरशा आहेत आणि त्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर येतात. ताशी शंभरच्या वेगाने सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. शरीराला बसणाऱ्या कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ २६३१’ याच समजावर उभं आहे. म्हणजे हा रस्ता आणि हा वेग मिळून नेमके पोटाला आणि मणक्याला लागतील असेच गचके देतात. त्यात पिकअपच्या मागच्या खोबणीत हिचचा मुख्य दांडा सैल असला तर प्रत्येक सांध्यावर ट्रेलर पुढे-मागे हिसका देतो तो वेगळा. ती फट घट्ट करणारे क्लॅम्प स्वस्त असतात आणि फरक पहिल्याच तासात कळतो. टायरमधली हवा पिकअपच्या दारावरच्या आणि ट्रेलरच्या पट्टीवरच्या आकड्यांप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. वेग आठ-दहा किलोमीटरने कमी करून पाहावा. काही पट्ट्यांवर तेवढ्याने गाडीचा ताल बदलतो. तसाही ट्रेलरच्या अनेक टायरांचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर ठरवलेला असतो, आणि कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या गाडीला ८८ची मर्यादा आहे.

वाऱ्यापुढे मात्र युक्ती चालत नाही. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८०चा पट्टा इतका वाऱ्याचा आहे की हलक्या आणि उंच गाड्यांना तो वेळोवेळी बंद केला जातो. त्या दिवशी मुक्काम वाढवावा. एरवी पहाटे निघावं. वारा बहुधा दुपारनंतर चढतो.

घाटाची गोष्ट मला फार आवडते. कुठली पिकअप किती ओढू शकते हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने सांगायची. मग ‘जे-२८०७’ हे समान मानक आलं. त्यातल्या एका चाचणीचा आधार ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा चढ आहे: सुमारे अठरा किलोमीटर लांब, भर उन्हाळ्यातल्या वाळवंटातला. पूर्ण ओझं घेऊन मागे दोन चाकं असलेल्या पिकअपने तो ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता चढायचा, आणि तेही एसी पूर्ण थंडाव्यावर ठेवून. चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करून घामाघूम होत बसण्याची सवय बऱ्याच चालकांना असते. या मानकाने तपासलेली आणि आपल्या मर्यादेत भरलेली गाडी त्यांच्यावर तशी वेळ आणत नाही. एसीसुद्धा बंद करावा लागत असेल तर ओझं तपासावं.

उतारावर थकवा पायाला आणि मनाला येतो. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ३४०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात टक्क्यांपर्यंतचे उतार आहेत. तिथे ‘टो-हॉल’चं बटण दाबलेलं असावं. मग गिअरबॉक्स स्वतः खालचा गिअर घेते, इंजिन गाडीला रोखून धरतं, ब्रेक मधूनच आणि थोडा वेळ लावावा लागतो.

एवढं सगळं जुळल्यावर सीटकडे वळावं. गुडघे किंचित वाकलेले, पाठ टेकलेली, कोपर सैल. मागच्या खिशातलं पाकीट बाहेर काढावं. त्यावर तासन्‌तास बसल्याने कंबर तिरकी होते. दर दोन तासांनी उतरून चालावं. सलग चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी कमी पिऊन थांबे टाळणं हा चुकीचा काटकसरीपणा आहे. उतरलंच आहे तर जोडणी, साखळ्या आणि टायर हात लावून पाहावेत. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथेच कारण शोधावं.

धंद्यासाठी ओढणाऱ्यांना कायद्याने दिवसाला ११ तास चालवता येतं. कुटुंबांनी त्यांची बरोबरी करू नये. तिथले अनुभवी प्रवासी तीनाचा नियम पाळतात: दिवसाला तीनशे मैल, म्हणजे ४८० किलोमीटरच्या आत; दुपारी तीनपर्यंत मुक्कामी; एका ठिकाणी तीन रात्री. लांब पल्ल्यात तीन रात्री जमणार नाहीत, पण पहिले दोन आकडे सोडू नयेत. इंधन मोठ्या ट्रक थांब्यावर, जिथे ट्रेलरसह सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतं तिथेच भरावं. नुसत्या रात्रीच्या मुक्कामासाठीही तशीच आरपार जागा आगाऊ मागून घ्यावी: दमलेल्या माणसाला अंधारात ट्रेलर मागे घ्यावा लागत नाही, आणि पिकअप रात्रभर जोडलेली ठेवता आली तर सकाळची अर्ध्या तासाची खटपटही वाचते.